एकमताने मंजूर

मला सख्खा भाऊ नाही. भाऊ नसलेल्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात, तशी मीही कराडला असल्यापासून चंद्रालाच ओवाळत आले. चंद्र ओवाळणी घालत नाही, पण तो कधी काही विचारतही नाही, आणि पुढे जे झालं ते पाहता तोच बरा होता असं मला कित्येकदा वाटलं.

सत्तावन्न साली ह्यांची विम्याच्या कचेरीत जयपूरला बदली झाली. चांदपोल बाजारामागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आम्हाला जागा मिळाली, वर गच्ची. वासंती सात वर्षांची, शाळेत सगळं हिंदी, आणि माझं हिंदी ऐकून भाजीवाला तोंड फिरवून हसायचा. म्हणून शिकवणीला मास्टरजी आले. गोविंदनारायण शर्मा. सडपातळ, डोळ्यांवर जाड चष्मा, एका खाजगी शाळेत मास्तर. चाकसूच्या पलीकडचं त्यांचं गाव, दर शनिवारी सायकलवर बसून आईला भेटायला जायचे. वासंतीला शिकवता शिकवता त्यांनी माझंही हिंदी सुधारलं.

दुसऱ्या वर्षी भाऊबीजेच्या संध्याकाळी ते शिकवणीला आले तेव्हा मी गच्चीत तबक घेऊन उभी. त्यांनी विचारलं, "बहनजी, ये किसकी आरती हो रही है?" मी सांगितलं. ते खाली गेले, हातपाय धुऊन आले आणि माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले.

"चांद को अब छुट्टी दे दो," म्हणाले.

त्या दिवसापासून मला भाऊ होता. सकाळी ते सख्ख्या बहिणीकडून टिळा लावून घ्यायचे आणि संध्याकाळी माझ्या पाटावर येऊन बसायचे. शीतला अष्टमीला चाकसूच्या जत्रेहून येताना आदल्या दिवशी केलेले थंड पुए, म्हणजे गोड घारगे, आणि ताकात शिजवलेली बाजरीची राबडी आणायचे. त्या दिवशी तिकडे चूल पेटवत नाहीत. थंड राबडी मला पहिल्या वर्षी घशाखाली उतरेना, तिसऱ्या वर्षी मी वाट पाहू लागले.

आता माझ्या मोठेपणाची गोष्ट. माहेरच्या पाटल्या मोडून मी टोंक रस्त्यावरच्या कापडाच्या मिलचे पन्नास शेअर घेतले होते, माझ्या स्वतःच्या नावावर. हे मला 'मालकीणबाई' म्हणून चिडवायचे. चिडवू देत. दरवर्षी मिलचे सेक्रेटरी भंडारीजी स्वतः जिना चढून यायचे, मिलचा एक पलंगपोस भेट द्यायचे आणि एक छापील फॉर्म पुढे करायचे. वार्षिक सभेला येणं जमणार नसेल तर आपल्या वतीने दुसऱ्याला मत देता यावं म्हणून तो असतो, त्याला प्रॉक्सी म्हणतात. मी कणकेचे हात पुसून सही ठोकायची. पलंगपोस मात्र नीट उलगडून, कुठे डाग नाही ना ते बघायची.

एकसष्टच्या उन्हाळ्यात मास्टरजींच्या गावच्या विहिरींना निळं पाणी लागलं. माझी ती मिल त्यांच्या गावाच्या वरच्या अंगाला, तिचं रंगाचं पाणी नाल्यातून झिरपत होतं. त्यांच्या म्हाताऱ्या आईच्या भाकऱ्यासुद्धा निळसर व्हायला लागल्या. मास्टरजी आमदाराकडे चार वेळा गेले. आमदार सत्तेतल्या पक्षाचा आणि मिलच्या मालकाच्या घरचा. चौथ्या वेळेला त्याच्या माणसाने त्यांना फाटकातूनच परत पाठवलं. मास्टरजींनी शाळेची नोकरी सोडली आणि पुढच्या निवडणुकीला अपक्ष उभं राहायचं ठरवलं.

ऑगस्टच्या शेवटी ते हातात एक कागद घेऊन आले. कुणीतरी त्यांना मिलच्या सभेची नोटीस दाखवली होती. कंपनीच्या घटनेत नवं कलम घालायचं होतं : राजकीय पक्षांना देणगी देता यावी. ते म्हणाले, "बहन, हा पैसा कुणाकडे जाणार ते तुलाही माहीत आहे. थांबवता येणार नाही. पण त्या सभेत एकाने तरी उठून नको म्हणावं. मी भागधारक नाही, मला आत कोण सोडणार? तू मालकीण आहेस."

मी म्हटलं, "एवढंच ना? हात वर करायला काय पैसे पडतात?"

खरं सांगते, त्या वेळी मला आठवलंसुद्धा नाही की आठच दिवसांपूर्वी भंडारीजी पलंगपोस देऊन गेले होते.

सभेच्या दिवशी हे कोट्याला दौऱ्यावर. मी ठेवणीतली नऊवार नेसून टांग्याने मिलच्या शहरातल्या कचेरीत गेले. हॉलमध्ये चाळीसेक पुरुष आणि माझ्याखेरीज एक म्हातारी, तीही पेंगत होती. भंडारीजींनी मला पहिल्या रांगेत बसवलं, थंड सरबत आणवलं. मी त्यांना हळूच म्हटलं, त्या देणगीच्या ठरावाला माझा विरोध आहे. माणूस इतका सभ्य की चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. ते वाकून म्हणाले, "बहनजी, आपका वोट तो हो चुका. प्रॉक्सी दे दी है आपने. आता हात वर केलात तर एका माणसाची दोन मतं होतील. जुर्म हो जाएगा. साहब सरकारी नौकरी में हैं ना?"

मी सरबताचा ग्लास खाली ठेवला. अध्यक्षांनी ठराव वाचला. अनुकूल हात वर झाले. मग त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "विरोध में कोई?" पंख्याचा आवाज येत होता. माझा उजवा हात पदराखाली होता आणि मी तो डाव्या हाताने धरून ठेवला होता, उगाच वर गेला तर म्हणून.

"सर्वसम्मति से पारित." एकमताने मंजूर.

नंतर कचोरी होती. आणि मी ती खाल्ली. सगळी खाल्ली.

संध्याकाळी मास्टरजी धापा टाकत जिना चढून आले. सायकल लावण्याइतकाही धीर नव्हता, ती खाली भिंतीला टेकवलेली पडल्याचा आवाज आला. "उठी थीं ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "हो. उठले."

हे का म्हटलं ते आजही मला धड सांगता येत नाही. लाज वाटली. ज्या तोऱ्यात मी 'एवढंच ना' म्हणाले होते, तो तोरा उतरवून ठेवायची लाज. वाटलं, कुठे काय बिघडतंय, ठराव तर तसाही होणारच होता. पण त्यांचं तोंड असं उजळलं की मला पुढचं काही बोलवेना. मी चहा टाकायला आत गेले.

दोन दिवसांनी हे कोट्याहून आले. ऐकून कपाळाला हात लावला. "अगं, प्रॉक्सी दिलेली असली तरी माणूस स्वतः हजर असेल तर त्याचं मत त्याचंच. त्या भंडाऱ्याने तुला सरळ बनवलं." थोड्या वेळाने म्हणाले, "मास्टरजींना आजच सांगून टाक." मी म्हटलं, सांगते. उद्या सांगते. असे किती उद्या गेले.

भाऊबीजेला ते आले तेव्हा उन्हाने काळे झालेले होते. गावोगाव हिंडत होते. पाटावर बसले, मी ओवाळलं, त्यांनी लहरियाची, तिकडच्या नागमोडी रंगीत पट्ट्यांची, ओढणी तबकात ठेवली. म्हणाले, "बहन, प्रत्येक सभेत मी तुझं सांगतो. लोकांना सांगतो, परमुलुखातली एक बाई, शेठ लोकांनी भरलेल्या हॉलमध्ये एकटी उभी राहिली. तर तुम्ही कशाला घाबरता? लोग ताली बजाते हैं." पेपरात ठराव सर्वसंमतीने झाल्याचं आलं होतं. तेही त्यांनी वाचलं होतं. "पेपरवाले तर शेठ सांगतील तेच छापणार," म्हणाले.

माझ्या हातातलं तबक हललं आणि तुपाचा थेंब त्यांच्या गुडघ्यावर पडला. तेव्हा सांगायचं होतं. त्याहून चांगली वेळ देवानेसुद्धा दिली नसती. मी म्हटलं, "भाजलं का हो?"

मग निवडणूक उभी राहिली. ती बघून माझ्यासारख्या बाईलाही कळत होतं की ही कुस्ती नव्हे. सत्तेतल्या पक्षाच्या दहा जीपा, त्यातल्या सहा मिलच्या. जिल्ह्यातले भोंगे महिनाभर आधीच भाड्याने घेऊन ठेवलेले. छापखान्यात कागद नाही, रंगवायला भिंत मोकळी नाही, दोन पेंटर होते तेही त्यांचेच. मास्टरजींकडे सायकल आणि शाळेतली जुनी पोरं. हे एकदा म्हणाले, "कंपन्या जिंकणाऱ्याला पैसा देतात, आणि पैसा मिळाला की तोच जिंकतो. मग मतं कशाला मोजायची?" तरी खेड्यांत लोक मास्टरजींच्या मागे होते. हा माणूस खोटं बोलत नाही, एवढंच लोकांना ठाऊक होतं, आणि त्यांच्याकडे दुसरं होतं तरी काय.

मतदानाला पाच दिवस असताना हे चाकसूहून आले आणि एक पत्रक माझ्यापुढे ठेवलं. जीपमधून गावोगाव उधळत होते. वर मोठ्या अक्षरांत : 'मास्टर झूठा है.' मध्ये माझ्या प्रॉक्सीच्या फॉर्मचं चित्र, ठरावापुढे 'अनुकूल'वर खूण, आणि खाली माझी सही. विजयमाला श्रीपाद देशपांडे. शेवटच्या अक्षराला कणकेच्या बोटाचा ठसासुद्धा आलेला. त्याखाली लिहिलं होतं, 'ये है मास्टर की बहन.'

ती खूण मी केलेली नव्हती. पण सही माझीच होती आणि खोटंही माझंच होतं.

हे म्हणाले, "चल. सकाळच्या बसने जाऊ. तू सभेत उभी राहून सांग की मीच मास्टरजींना खोटं सांगितलं, त्यांचा काही दोष नाही. मी येतो बरोबर. नोकरीचं काय व्हायचं ते होवो." हे आयुष्यात एवढं मोठं कधी बोलले नव्हते. मी रात्रीच साडी काढून ठेवली. सकाळी नेसले, वेणी घातली, चपला पायात घातल्या आणि पलंगावर बसले. त्यावर मिलचाच पलंगपोस होता. बसची वेळ झाली, टळली. माझे पाय उचललेच नाहीत. हे बराच वेळ दारात उभे राहिले, मग कोट काढून ठेवला.

मास्टरजी चारशे एकतीस मतांनी पडले. हजारांनी पडले असते तर मी जीपांना आणि शेठला शिव्या देऊन मोकळी झाले असते. चारशे एकतीस म्हणजे दोन खेडी. एका बसच्या तिकिटात मिळाली असती.

मला वाटलं, आता ते येणार नाहीत. पण शीतला अष्टमीला दुपारी जिन्यावर पावलं वाजली. हातात नेहमीचा डबा. पुए, राबडी. ते खुर्चीवर टेकले, चष्मा पुसत राहिले. मी समोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं, भंडारीजींच्या सरबतापासून चपला घालून बसलेल्या सकाळपर्यंत.

शेवटी त्यांनी विचारलं, "डर गई थीं?"

"हो."

"तो उसी दिन कह देतीं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाय तरी धरले असते. "डर तो मैं समझता हूँ, बहन. गावात सगळेच घाबरतात. मी त्यांना तेच सांगितलं असतं, की माझी बहीणसुद्धा घाबरली. लोकांना ते पटलं असतं."

उठताना त्यांनी डबा रिकामा करून द्या म्हटलं. नेहमी ठेवून जायचे, पुढच्या खेपेला न्यायचे. मी डबा घासून, पुसून दिला. जिन्याच्या वळणावर थांबून त्यांनी वासंतीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले.

ऑगस्टमध्ये भंडारीजी पलंगपोस घेऊन आले. मी तो फॉर्मसकट त्यांच्या हातात परत ठेवला आणि सभेला स्वतः गेले. या खेपेला मी हात वर केला, चांगला खांद्यापासून वर. विषय हिशेबतपासनिसाच्या फेरनेमणुकीचा होता. सगळे वळून बघायला लागले. अध्यक्ष हसून म्हणाले, "बहनजीचा विरोध लिहून घ्या." तेव्हा लिहून घेतला.

त्या वर्षीच्या दिवाळीत चीनच्या लढाईच्या बातम्या होत्या, कुणाचं कशात मन नव्हतं. तरी भाऊबीजेला मी गच्चीत पाट मांडला. भोवती रांगोळी काढली, तबकात सुपारी, अक्षता, निरांजन. लहरियाची ओढणी अंगावर घेतली. खाली सायकलची घंटी वाजली की वासंती कठड्याशी धावायची. तीन वेळा धावली. दूधवाला, पोस्टमन आणि कुणीतरी अनोळखी.

चंद्राची कोर चांदपोलच्या बाजूला उतरायला लागली. वासंती म्हणाली, "आई, चांद डूब जाएगा. त्यालाच ओवाळ ना, पूर्वी ओवाळायचीस तसं."

मी तबक उचललं. हात वर गेला नाही. चंद्राला ओवाळायचं ते भाऊ नसलेल्या बाईने. मला भाऊ होता. पस्तीस मैलांवर, निळ्या पाण्याच्या गावात, आईजवळ बसलेला असेल. कोर छपरांमागे गेली, तरी तूप संपेपर्यंत मी रिकाम्या पाटासमोर तबक धरून उभी होते.