काढून ठेवलेला दिवा

प्राध्यापक रवींद्र खानझोडे यांनी हयातभर इतरांना इशारे दिले. स्वतःला मिळालेला एकुलता एक इशारा मात्र त्यांनी मेकॅनिककडून उपटून घेतला.

तो इशारा म्हणजे त्यांच्या तीस वर्षे जुन्या मोटरसायकलवरचा, बॅटरी चार्ज होत नसल्याचे सांगणारा लाल दिवा. नवी बॅटरी बसवली तरी तो पेटलेलाच. कोलार रोडवरच्या मेकॅनिक सुभाषने मीटर लावून इंजिन रेस केले. काटा जागचा हलेना.

"बैटरी बेकसूर है सर. रेग्युलेटर गया, चार्जिंग ही नहीं हो रही. नया इंदौर से आएगा, चार दिन गाडी छोड दो."

"चार दिवस?" भोपाळात चाळीस वर्षे काढूनही सर मेकॅनिकशीसुद्धा मराठीतच बोलत. "मला रोज वाचनालयात जायचे असते. तो दिवा तेवढा काढ. डोळ्यांत खुपतो."

"निकाल दूँगा. पर हर हफ्ते बैटरी चार्ज कराने आना. बत्ती जाने से बीमारी नहीं जाती."

"मला शिकवतोस?"

"आपको कौन सिखाएगा सर!" सुभाषने बल्ब काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.

शाहपुऱ्यातल्या त्या मराठी वाचनालयाचा जुना संग्रह रद्दीत घालून तिथे वातानुकूलित सभागृह उभारण्याचे विश्वस्तांनी ठरवले होते. राजधानी भोपाळला हलल्यावर नागपूरहून सरकारी कचेऱ्यांमागोमाग आलेल्या पिढीने ट्रंकांतून आणलेली ती चार हजार पुस्तके. सरांनी सात वर्षे खपून त्यांची सूची केली होती. आक्षेप घेणारे ते एकटेच. बाकीचे सभासद सुसंस्कृत असल्यामुळे कुणाला दुखवत नसत.

त्यांच्या आक्षेपावर विश्वस्तांपुढे सुनावणी होती जानेवारीत, सकाळी अकराला. पहिले तीन आठवडे सरांनी बॅटरी नेमाने चार्ज करून घेतली. चौथ्या आठवड्यात युक्तिवाद लिहिण्याच्या भरात ते राहून गेले. आठवण करून देणारे समोर काहीच नव्हते.

त्या सकाळी धुक्यामुळे हेडलाइट लावून सर निघाले, मागे सूचीच्या तीन वह्या बांधलेल्या. अर्ध्या वाटेत इंजिन आचके देऊन बंद पडले. त्यांनी पेट्रोल पाहिले. प्लग काढून पुसला. किकवर किक मारली. घामाने चष्मा निसटू लागला. विद्वत्तेला शोभेल अशा पद्धतशीरपणे त्यांनी सगळे तपासले, एक सोडून. बॅटरीविषयी शंकाच आली नाही, कारण समोर दिवा पेटलेला नव्हता. वीस मिनिटांनी हॉर्न दाबला तेव्हा तो कण्हलासुद्धा नाही, आणि सरांचा हात खिशातल्या त्या बल्बकडे गेला.

रिक्षेला हात करत त्यांनी चिटणीस अजिंक्यला फोन लावला.

"सर, अकरा वाजून सहा मिनिटं झाली. ठराव पास झाला."

"गाडी बंद पडली रे. दहा मिनिटांत पोचतो."

"मग आधीच रिक्षा करायची ना सर! आम्ही पाच मिनिटं वेटसुद्धा केलं. पण कलम नऊ. आक्षेप घेणारा वेळेवर स्वतः हजर नसेल तर आक्षेप रद्द. वाचनालयाची घटना तुम्हीच लिहिलीय."

लिहिली होती खरी. आक्षेपाच्या पत्रावर नुसती सही करून घरी लोळत पडणाऱ्यांवरचा सगळा संताप त्यांनी त्या एका वाक्यात ओतला होता.

"मागच्या वर्षी ते कलम बदलू म्हटलं तर केवढे भडकलात!" अजिंक्य हसला. मागून कुणीतरी "जल्दी तौलो भाई" म्हणाले आणि काहीतरी जड जमिनीवर आदळले. "आणि हो, त्या सूचीच्या वह्या तुमच्याकडेच ठेवा सर. आम्हाला काही उपयोग नाही."

समोर थांबलेली रिक्षा सरांनी हातानेच परत पाठवली.

निरोप मिळताच सुभाष दुसरी बॅटरी घेऊन आला. त्याने बॅटरी जोडली, सरांच्या खिशातला बल्ब मागून घेतला आणि जागेवर बसवला. इंजिन सुरू झाले. दिवा लालभडक पेटला.

"जलने दूँ सर, या निकाल दूँ?"

सरांनी मागच्या तीन वह्यांची सुतळी पुन्हा घट्ट केली, उगाचच.

"असू दे," ते म्हणाले. "आता बघत बसायला वेळच वेळ आहे."