रथसप्तमीच्या आत

मित्रांनो, मी एक जुना दिवाण आहे. माझं लाकूड कारखान्यात आलेल्या यंत्रांच्या खोक्यांचं. भोपाळच्या बरखेड्यातल्या क्वार्टरांत तेव्हा निम्मं फर्निचर अशाच लाकडाचं असे. नीळकंठरावांनी मला हौसेनं बनवून घेतलं. झाकण उघडलं की आत मोठी पेटी! त्या पेटीचा मला फार अभिमान होता.

तोच नडला. नीळकंठराव कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. वस्तू टाकणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. "असू दे, लागेल," म्हणत ते माझं झाकण उघडत. त्यांच्या पत्नी सिंधूकाकूही काही कमी नव्हत्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मिळालेलं वाण, वाट्या, डबे, चाळण्या, सगळं नवंकोरं माझ्याच पोटात. नीळकंठरावांच्या निवृत्तीनंतर भोपाळातच सोनागिरीत राहायला आलो, तेव्हा मला उचलायला सहा माणसं लागली.

मग नागपूरला काकूंची थोरली बहीण वारली. तिचं घर आवरण्यात काकूंचा महिना गेला. धड रडायलाही वेळ मिळाला नाही. परत आल्यावर त्या माझ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, आपल्या लेकीवर, अलकावर ही पाळी आणायची नाही. येत्या रथसप्तमीच्या आत हा दिवाण रिकामा करायचा."

"एवढ्या चांगल्या वस्तू देऊन टाकायच्या?"

"चांगल्या आहेत तोवरच द्यायच्या."

त्या संक्रांतीला काकूंनी वाण विकत आणलंच नाही. हळदीकुंकवाला माझं झाकण सताड उघडलं आणि म्हणाल्या, "हवं ते उचला गं!"

शेजारची कुसुम पुरणयंत्र पाहून हरखली. "काकू, हे तर एकदम नवं आहे! सच्ची, घेऊ?"

नीळकंठराव तोंड पाडून बसले होते. पण "ही किसणी बरखेड्याच्या वासंतीवहिनींनी दिलेली" असं एकेकीला सांगता सांगता त्यांचीच कळी खुलली. शेवटी आपली हत्यारांची पेटी आणून ते कुसुमला म्हणाले, "ही तुझ्या नवऱ्याला दे." मला अगदी टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मार्चमध्ये अलका पुण्याहून आली, आवराआवरीसाठी खास पंधरा दिवसांची रजा काढून. ओढणी खोचून तिनं माझं झाकण उचललं. आत दोन गाद्या आणि तिचं लहानपणचं झबलं.

"आई, मग मी आता करू काय?"

"बस माझ्यापाशी."

मित्रांनो, तुमच्या घरातल्या मोठ्यांना सांगा, हात चालतात तोवर आपल्याच हातांनी द्या. पंधरा दिवस मायलेकी माझ्यावर बसून बोलत होत्या, हसत होत्या, राहून गेलेलं रडतही होत्या. मी एकदाही कुरकुरलो नाही.