बाहेर गेलेले पुस्तक

तात्या दिघ्यांनी पुस्तक कपाळाला लावले, चष्मा नीट बसवला आणि गोष्टीचे पहिले पान उलटले. पुढचे पान उघडेना. मागच्या पानाशी ते कडेने अखंड जोडलेले होते. छापखान्यात घडी पडल्यापासून तिच्यावर सुरी फिरलीच नव्हती.

कर्जतच्या वाचनालयात अठरा वर्षे ग्रंथपाल असताना तात्यांनी मुलांच्या पुस्तकांची सूची सिद्ध केली होती. ती पाहूनच खालापूरला शिक्षक तयार करणाऱ्या अध्यापनवर्गाने त्यांना बालवाङ्मय शिकवायला बोलावले. आज शाळाखात्याचे डेप्युटीसाहेब मागच्या बाकावर बसले होते. नेमणूक कायम होणार ती त्यांच्या शेऱ्यावर.

"बघू, गुरुजी."

पहिल्या बाकावरची मैना मेजापाशी आली. पळसदरीच्या शेतकऱ्याची ही लेक वर्गात क्वचितच बोले. तिने पुस्तकाचे नाव वाचले, मग जोडलेल्या पानांच्या आत डोकावून पाहिले.

"हे कर्जतच्या वाचनालयातलं, नाय का?"

"हो. पाठासाठी आणलंय."

"मास्तरांनी शाळेत याचं नाव सांगितलं व्हतं. बापासंगं बाजाराला आले की मी तुमच्या दारात यायची. तीन बाजार विचारलं. तुमी म्हणायचात, पोरी, पुस्तक बाहेर गेलंय."

तात्यांना ती पोर आठवली नाही. उंबऱ्यापाशी थबकलेले चिखलाचे पाय तेवढे आठवले. तसे पाय पुष्कळ होते. तोंडावर नाही म्हणणे त्यांना कठोर वाटे, म्हणून ते वाक्य त्यांनी योजले होते, आणि इतकी वर्षे त्याला ते सौजन्य समजत आले होते.

"मला वाटायचं, कुणीतरी वाचतंय," मैना हलक्या आवाजात म्हणाली. "बरं वाटायचं. पण न कापता वाचलं कसं असंल, गुरुजी?"

तोवर डेप्युटीसाहेब पुढे आले. त्यांनी पुस्तक हाती घेऊन पुठ्ठ्यावरून बोट फिरवले.

"इतक्या वर्षांत एक डाग नाही," ते वर्गाला म्हणाले. "ग्रंथ जपावा तो असा. दिघे, शेऱ्याची काळजी करू नका."

मैनेने पेन्सिली तासायची सुरी मेजावर ठेवली.

"कापू का?"

तात्यांनी साहेबांकडे पाहिले. मग पुस्तक अलगद मिटले.

"राहू दे. पुढच्या तासाला बघू."

वर्ग साहेबांचे वाक्य वहीत उतरवून घेत होता. मैना जागेवर जाऊन बसली, आणि तिनेही ते उतरवून घेतले.