अर्धा चेहरा ताटात

ओड्नी किनाऱ्याकडची. मासे साफ करण्यातच लहानाची मोठी झालेली, त्यामुळे रक्तामांसाला ती बिचकणारी नव्हती. लग्न होऊन ती व्होसच्या खोऱ्यात आली त्याच हिवाळ्याच्या तोंडावर सासूचा, गुन्वोरचा, हात मोडला आणि नाताळची मेंढ्यांची मुंडकी तयार करायचं काम नव्या सुनेच्या गळ्यात पडलं.

हात गळ्यात बांधून गुन्वोर गोठ्याबाहेर स्टुलावर बसली आणि तिथून एकेक सांगू लागली. आधी लोकर जाळायची. बर्नरची ज्योत लागताच लोकर चुरचुरत आकसली आणि असा वास सुटला, की ओड्नीला वाटलं आपलेच केस पेटले. वास नाकातून घशात उतरला आणि जिभेवर थर धरून बसला. जळकं सुरीनं खरवडायचं, पुन्हा जाळायचं, पुन्हा खरवडायचं. हळूहळू लोकरीखालून तपकिरी चेहरा निघाला. ओठ आक्रसून दात उघडे पडलेले.

"कानाच्या आत नीट जाळ गं," गुन्वोर म्हणाली. "मळ राहिला की दाताखाली येतो."

मग कुऱ्हाडीनं मधोमध दोन शकलं. मेंदू चमच्यात टिकेना. घसरून तिच्या मनगटावर पडला, गारगार. तिनं हात तीनतीनदा धुतला, तरी रात्री नवऱ्याला त्या हातानं शिवावंसं तिला वाटेना. शकलं मिठात मुरली, धुरीला लटकली. तिथून जाताना ती मान खाली घालून जाई.

नाताळआधीच्या रविवारी मुंडकी वाफेवर चढली. घरभर धूर, चरबी आणि ओल्या मेंढीचा वास कोंडला. टेबलाभोवती सासरे शुर, त्यांचा भाऊ तुर्गाइर, नवरा आर्न्फिन आणि गुन्वोर. प्रत्येकाच्या ताटात बटाटे, कंदाचा पिवळा लगदा आणि अर्धा चेहरा.

"कान आणि डोळा आधी, सूनबाई," सासरे म्हणाले. "चरबी थिजली की मेणबत्ती चावल्यासारखं लागतं."

"ह्या किनाऱ्याकडच्यांना डोळ्यांची सवय आहे रे," तुर्गाइरकाका म्हणाले. "फक्त ह्यांच्या माशांना पापण्या नसतात."

सगळे हसले. ओड्नीनं कान खाल्ला. कूर्चा कुरकुरली, आतून कोमट चरबी सुटली. मग सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आहेत हे बघून तिनं डोळा तोंडात टाकला. तो दातांखालून निसटून गालाशी गेला, पुन्हा जिभेवर आला. ती उठली, दार ढकलून बाहेर गेली आणि बर्फात ओकली.

मागोमाग गुन्वोर आली. तिनं इकडंतिकडं पाहिलं, वाकली, गालातलं काहीतरी बर्फात थुंकलं आणि बुटानं त्यावर बर्फ लोटला. तो डोळा होता.

"लग्न झाल्यापासून असंच करते," ती तोंड पुसत म्हणाली. "गालात धरायचा. दोन घोट दारू घ्यायची. मग लाकडं आणायच्या निमित्तानं बाहेर. शिकशील तू पण."

"आई, मग मला सांगितलं का नाही?"

"मला कुणी सांगितलं होतं?"

ओड्नीनं आत जाऊन आपलं ताट सासऱ्यांपुढे सरकवलं आणि म्हणाली, मला हे खाववत नाही, पुढंही खाणार नाही. सासऱ्यांनी एकदा तिच्याकडे, एकदा ताटाकडे पाहिलं. "बरं झालं, मला जास्त," म्हणून त्यांनी ते ओढून घेतलं आणि सुरी चालवली. एवढंच. कुणी रागावलं नाही. आर्न्फिननं तिला बटाटे वाढले.

इतकं सोपं होतं ते. मागोमाग आत आलेल्या गुन्वोरनं मात्र मान वर केली नाही.

पुढच्या वर्षी हात बरा झालेल्या गुन्वोरनं मुंडकी स्वतः तयार केली. ओड्नीला मासा होता. सासू समोर बसून एका गालानं हसत होती, दुसरा फुगलेला. ओड्नीनं तोंड फिरवलं. ताटातल्या डोळ्याची नाही, तिला त्या गालाची किळस आली.