सतरा भोकांची झारी

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, माझ्या गोष्टीवर आजवर कोणाचा विश्वास बसलेला नाही. तुमचाही बसायचा नाही. पण मी एक जुनी पत्र्याची झारी आहे, आणि पत्र्याने खोटं बोलायचं म्हटलं तरी लगेच खणखणाट होतो. तेव्हा बिनघोर ऐका.

बाहत्तरच्या दुष्काळात लातूरच्या गुंडप्पा पत्रेवाल्याने मला रॉकेलच्या डब्यातून घडवलं. त्या साली विहिरी इतक्या खोल गेल्या होत्या की सकाळी सोडलेली बादली संध्याकाळी वर यायची, आणि तीही कोरडीच! मला खडी फोडायच्या कामावर पाणी वाटायला ठेवलं होतं. बायामाणसं ओंजळ पुढे करायची आणि मी तोंडाच्या जाळीतून धार सोडायची. तिथे धुरपताबाई नावाची एक तरणी बाई दिवसभर हातोड्याने दगड फोडायची. आपल्या वाट्याची पहिली ओंजळ ती कधीच प्यायची नाही. रस्त्याकडेला निंबाचं वाळकं रोप होतं, त्याच्या बुडाशी नेऊन ओतायची. असं पाणी मी पाहिलेलं नव्हतं. ओंजळभर, पण नदीएवढं.

दुष्काळ सरला. माझ्या पोटावर पांढऱ्या रंगाने सरकारी नंबर पडला आणि मी कोठीत जाऊन बसले. दहा वर्षं कोळ्यांनी माझ्या तोंडात संसार केले. मग लातूरचा वेगळा जिल्हा झाला. एका नव्या कचेरीपुढे बाग करायचं ठरलं. कोठी उघडली, आणि मला उचलणारा हात ओळखीचा निघाला.

"आगं बया, तू हायस व्हय अजून?" धुरपताबाई मला म्हणाली.

ती तिथे रोजंदारीवर माळीण म्हणून लागली होती. दगड न फोडता मिळालेलं तिचं हे पहिलंच काम. जुना हातोडा मात्र ती अजून पिशवीत बाळगायची.

कचेरीचे साहेब थंड डोंगराळ मुलखातून आलेले. येताना त्यांनी लॅव्हेंडरची पाच रोपं आणली होती. राखाडी, बारीक पानांची, अंग चोरून बसलेली. पान चुरगळलं की असा वास यायचा, की मला क्षणभर मी पत्रा आहे हेच आठवेना. पाचही रोपं अंगणात लावली. मुकादम शेषेराव धुरपताबाईला म्हणाला, "साहेबाच्या जिवाची झाडं हायत ही. मेली तर तुझी हजेरी बंद. मग जा पुन्हा खडी फोडाया."

आपली काळी माती तुम्हाला ठाऊकच आहे. पावसाळ्यात ती माणसाला जाऊ देते, पण चप्पल ठेवून घेते. त्या साली हवाही इतकी ओली होती की काड्यापेटी उन्हात घातल्याशिवाय पेटत नव्हती. पहिल्या रोपाने मान टाकली. कामासाठी कचेरीत आलेली माणसं ते पाहून हळहळायची. दुष्काळ भोगलेली माणसं ती, कोमेजलेलं झाड बघून तशीच पुढे जातील कशी? किल्लारीचा कोणी तांब्या ओतायचा, निलंग्याचं कोणी आपल्या बाटलीतलं निम्मं घालायचं. आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळेला मी होतेच. मोठ्या तोऱ्यात धार सोडायची. मी बाहत्तर साल जगवलं होतं, चार पानं काय जड होती!

एकामागून एक चार रोपं मेली.

धुरपताबाईने चौथं उपटलं. मुळं काळी पडून लिबलिबीत झाली होती आणि माती मळलेल्या कणकेसारखी चिकटली होती. तिने ते कुंपणाजवळच्या खडीच्या ढिगावर फेकलं. आठ दिवसांनी पाहते तर त्याची तुटकी फांदी दगडांत उभी! हिरवी! तिला ना माती, ना कोणाचा तांब्या. धुरपताबाई उकिडवी बसली आणि कितीतरी वेळ त्या फांदीकडे बघत राहिली. ज्या खडीने तिच्या हातांना घट्टे पाडले होते, तिच्यातच ते झाड श्वास घेत होतं.

"मुकादम," ती धावत जाऊन म्हणाली, "त्येला तहान न्हाई. ते बुडून मरायलंय. पाणी बंद करा."

शेषेराव पोट धरून हसला. "मराठवाड्यात झाड पाण्यानं मेलं? माझ्या आज्यानं न्हाई ऐकलं असलं! उद्यापास्नं दोनाच्या जागी तीन झाऱ्या घालायच्या. मी स्वतः उभा राहून बघणार हाय."

मित्रांनो, राहिलेलं पाचवं रोप तेव्हा मान टाकत होतं.

आता तो चमत्कार ऐका. दुसऱ्या दिवशी मला नळाखाली धरलं, तर पाणी वरून आत आणि खालून बाहेर. माझं बूड गंजलं होतं! सतरा भोकं! तुमच्या गळ्याची शपथ, गंजलंच होतं.

"सरकारी झारी हाय ती!" शेषेराव ओरडला. "कोणी फोडली?"

"गंजली असंल," धुरपताबाई शांतपणे म्हणाली. "म्हातारी झाली की ती."

नवी झारी मंजूर होऊन यायला चार महिने गेले. तोवर तिने माझ्या पोटात खडी भरली, वर चुन्याची फक्की आणि वाळू, अन् मूठभर काळी माती. त्यात ते शेवटचं रोप लावलं आणि मला छज्ज्याखाली उन्हात ठेवलं. लोक येता-जाता पाणी घालायचे ते घालायचेच. पण कितीही ओता, थेंबभरही मी धरून ठेवायची नाही. आयुष्यभर पाणी धरण्याचा गर्व केला, आणि कामाला आलं ते पाणी सोडून देणं.

होळीच्या सुमारास ते फुललं. काय सांगू! राखाडी काड्यांच्या टोकांना जांभळा रंग उतरला. कचेरीपुढच्या रांगेतली ढकलाढकली थांबली. साहेब पायरीवरच बसले. शेषेरावाने टोपी काढली आणि ती कुठे ठेवावी ते त्याला सुचेना. धुरपताबाईने फुलावरून हात फिरवून नाकाशी नेला. दहा वर्षं त्या हाताला दगडाच्या भुकटीचा वास होता. तिची हजेरी पक्की झाली. आणि फुलांचा वास म्हणाल, तर हिमायतनगरच्या मधमाश्या एसटीच्या टपावर बसून आल्या होत्या, मी स्वतः मोजल्यात!

साहेबांची बदली झाली. झाड तीन पावसाळे जगलं. मग मला कोणी अडगळीत टाकलं, कोणी भंगारात, आणि फिरत फिरत मी तुमच्या शाळेच्या अंगणात आले. मुलांनो, माझी एकच विनवणी आहे. कोणावर माया करायची तर आधी त्याला काय हवंय ते विचारा. आणि माझ्यासारखी जुनी वस्तू फुटली म्हणून फेकू नका. गंजाने पडलेल्या भोकांचंसुद्धा...

"खोटं!" पुढे बसलेली पंचशीला ओरडली. तिने मला उलटी केली होती आणि एकेका भोकावरून बोट फिरवत होती. "गंज काय पट्टी लावून भोकं पाडतो व्हय? सगळी गोल, सगळी सारख्या अंतरावर. ही खिळ्यानं पाडलीत! आन् त्यो हातोडा अजून आमच्या घरी हाय, माझ्या आजीचा!"