टाकीतली राळ

बाळासोअण्णांची मोटार अकरा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती, आणि अवसेला ती खोकते असं सोलापूरच्या भवानी पेठेत सगळे शपथेवर सांगत. कोंडीबा मिस्त्री या गोष्टीला कधी हसला नाही. तो खोकला त्याला अवसेबिगर ऐकू यायचा, घरी, जेवताना, घास हातात असताना. पेट्रोल तुटलं की इंजिन तसंच खोकतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

एकोणीसशे चोवीस सालच्या भादव्यात अण्णा मंद्रूपला निघाले. सीना नदीच्या उतारात मोटार मधोमध बंद पडली आणि वरून पुराचं पाणी आलं. मोटार दुसऱ्या दिवशी बैल लावून ओढून काढली. अण्णा तीन दिवसांनी सापडले. दोष आला बायकोवर. निघत्या माणसाला कुठं म्हणून विचारू नये, हे शेंबड्या पोराला कळतं, आणि अंबुबाईनं ऐन उंबऱ्यात विचारलं होतं, कुठं निघालात? एवढंच. तेव्हापासून घरातलं कुणी गावाला निघालं की तिला माजघरात कोंडून बाहेरून कडी लावायचे. सासऱ्यांचा, आप्पांचा तसा हुकूमच होता.

आता धाकट्या दिराला, श्रीमंतला, मोटार विकायची होती. ती चालू करून द्यायचं काम कोंडीबानं दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा नाही म्हणायला तोंड उरलं नाही.

टाकी उतरवली तर आत गंजाचे पापुद्रे. मूठभर खडी घालून त्यानं ती दिवसभर घोळली. तांब्याची नळी हिरवीगार पडलेली, ती चिंच नि राखेनं उजळवली. हात कामात होते, जीव ठिकाणावर नव्हता. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! शेवटी कार्बुरेटर उघडला. पेट्रोल जायचं केसाएवढं भोक एका तांबूस खड्यानं बुजलेलं. गंज असेल, देवा, गंजच असू दे, असं पुटपुटत त्यानं तो सुईनं काढला आणि त्याची कड जळत्या काडीला लावली. गंज जळत नसतो. हा वितळला, धुरावला, आणि छपरात धुपाचा वास सुटला.

राळ होती ती, गेरू घातलेली. त्याच्या बापाची रीत, सोलापुरात दुसरं कुणी तशी करत नव्हतं.

कोंडीबा जातीचा तांबट. गळक्या घागरीला आतून राळ लावायची, यात पिढ्या गेलेल्या. त्या सकाळी अण्णांची टाकी ठिबकत होती, अण्णांना घाई होती, आणि मोटारीच्या धंद्यात नव्या कोंडीबानं टाकीला घागर समजून राळ लावून दिली. पाण्यापुढं राळ हटत नाही. पेट्रोल मात्र तिला विरघळवून सोबत नेतं, आणि बारीक भोकात ती पुन्हा थिजते. हे त्याला महिन्यानं, दुसऱ्याच मोटारीवर कळलं, आणि तो गप्प बसला.

खडा फेकून दिला असता तर मिटलं असतं. हात उचललाही होता त्यानं. तेवढ्यात दारात अंबुबाई दिसली, विकायच्या आधी मोटार बघायला आलेली. तिनं विचारलं असतं तर तो खोटं बोलला असता. ती नुसतीच उभी राहिली, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं.

"वैनी, तुमच्या इचारण्यानं न्हाय बुडाले अण्णा. माज्यामुळं बुडाले."

मग घागर, राळ, भोक, सगळं सांगितलं. संशय महिन्यातच आला होता, धंदा बसंल म्हणून भ्यालो, हेही सांगितलं. तिनं खडा तळहातावर घेतला.

"तुला संशय तरी व्हता, कोंडीबा," ती म्हणाली. "मला तर खातरी व्हती. मीच मारलं त्यास्नी."

ती रडली नाही. रडला तो. मग हातही न धुता तिच्या मागोमाग आप्पांच्या सोप्यावर गेला. म्हाताऱ्याला ऐकू कमी यायचं, म्हणून सगळं ओरडून सांगावं लागलं. पेठेतली माणसं दारात गोळा झाली. आप्पांनी कानाशी हात नेला.

"आयकू न्हाय आलं. पुन्यांदा सांग."

कोंडीबानं पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.