दात बघून घेतलेला रोल

राहीबाईंना मुलाचा फोटो हवा होता. गोष्ट एवढीच होती. पण त्यांच्या दिराने, म्हणजे नाथाजीतात्यांनी, ती हातात घेतली आणि तेव्हापासून तिला तंबाखूचा वास यायला लागला.

सेहेचाळीस साल. राहीबाईंचा मुलगा कृष्णात पलटणीतून रजेवर आला होता आणि मंगळवारी सकाळी परत जाणार होता. लढाईत तो आठ महिने बेपत्ता होता. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. माझ्या इस्लामपुरातल्या फोटोच्या दुकानात येऊन राहीबाई फार बोलल्या नाहीत.

"तवा त्याचं नाक आठवंना झालं मला," त्या म्हणाल्या. "सपनात यायचा, पर नाकाबिगर."

मी नाक काढून देण्याचं कबूल केलं. माझ्याकडे घडीचा कॅमेरा होता, एका रोलवर आठ फोटो घेणारा. रोल मात्र नव्हता. टंचाईच्या त्या दिवसांत तो सांगलीत जिनपालशेठच्या हळदीच्या पेढीवर चोरून मिळायचा. म्हणून सोमवारी सकाळच्या मोटारीने निघालो, तर तात्या आधीच येऊन बसलेले. ते बैलांचे दलाल, दात बघून जनावराचं वय सांगणारे. पंचक्रोशीत कसलीही खरेदी आपल्यावाचून झाली तर तिला पाप लागतं, असं त्यांचं मत होतं. वाटभर ते खिडकीतून थुंकत होते आणि वारा माझ्या बाजूला होता.

जिनपालशेठनी हळकुंडांच्या पोत्यामागचा डबा काढला. आत तीन रोल. एक मंद, एक मध्यम, एक जलद. मी तात्यांना शक्य तेवढं सोपं करून सांगितलं. मंद रोलवर फोटोचा दाणा बारीक येतो, पण सोप्यातल्या, म्हणजे ओसरीवरच्या, सावलीत माणसाला पुतळ्यासारखं उभं राहावं लागतं. जलद रोल सावलीला भीत नाही, पण दाणा एवढा भरड की नाकाचं ज्वारीचं कणीस होतं. आपल्याला मध्यम हवा.

तात्यांनी तिन्ही रोल हातात घेऊन वजन केलं. गडी लष्करातला, तेव्हा पळणाराच घ्यावा, मधल्या चालीचं जनावर ना औताला ना शर्यतीला, असं त्यांनी बजावलं. मग खांद्यावरचा टॉवेल शेठच्या हातावर टाकला आणि बैलबाजाराच्या रीतीने त्याखाली बोटं दाबून सौदा सुरू केला. शेठचा चेहरा दोनदा बदलला. हात बाहेर आला तेव्हा त्यावर तंबाखूचा काळपट चोथा होता. शेठनी तो धुतला, परत धुतला, आणि बोलणं वाढू नये म्हणून मध्यम रोल माझ्या हातात ठेवला.

परतताना तात्यांनी तो सांभाळायला मागितला. आष्ट्याजवळ मला डुलकी लागली. ही माझी चूक, ती मी मान्य करतो. जाग आली तेव्हा रोल उन्हात दोन हात उलगडलेला होता. तात्या बोट जिभेवर ओलं करून पुढचा कागद सोडवत होते.

मी विचारलं, हे काय चाललंय.

"दात बघतुय," ते म्हणाले. "न बघता माल घ्याचा व्हय रं?"

मी मांडीवरचा त्यांचा टॉवेल ओढून रोल त्यात गुंडाळला. टॉवेल ओला होता. कशाने, ते मी त्या दिवशी विचारलं नाही आणि आजही विचारणार नाही.

राहीबाईंच्या घरी पोचताच अंधारासाठी वाकळ डोक्यावर घेऊन मी रोल परत घट्ट गुंडाळला. उन्हात उलगडलेल्या बाहेरच्या भागावरचे पाच फोटो काढण्याआधीच मेले होते. सहावा-सातवा आजारी. गाभ्यातला आठवा बहुतेक जिवंत. सांगलीची मोटार दिवसातून एकदाच. मी राहीबाईंना बाजूला घेऊन हे सांगितलं. त्यांनी दिराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

फोटो वडीलधाऱ्यांपासून सुरू व्हायला हवेत, असं तात्यांनी जाहीर केलं. मी म्हणालो, अगदी बरोबर. आठव्यापर्यंत पोचायला रोलवरची फोटोंची सात घरं तशीही पुढे सरकवायचीच होती. तात्या पटक्यात. तात्या बैलाशेजारी. तात्या बैलाच्या जबड्यात हात घालून. पाचव्याला ते दमले, तर राहीबाईंनी आतून आणखी एक पटका आणून दिला.

"हा बी बांधा की, भावजी."

सात झाले. आठव्याला कृष्णात सोप्यात उभा राहिला, ताठ. ऊन उतरलं होतं, म्हणून मी कॅमेऱ्याचा पडदा जरा जास्त वेळ उघडा राहील असा लावला. कळ दाबली आणि त्याच क्षणी तात्यांना पुतण्याच्या नाकावर काजळीचा ठिपका दिसला. ते बोट ओलं करत धावले.

दिवेलागणीला रोल धुतला. पहिली सात घरं तव्यासारखी काळी. आठवं कागदावर छापलं, त्यात कृष्णात पापणीसकट स्वच्छ. तात्या अख्खे वाहून गेलेले, दूध उतू जावं तसे. फक्त त्यांचं बोट नाकाच्या शेंड्यावर टेकून थांबलं होतं आणि तेवढं ठळक आलं होतं. मध्यम रोलचा दाणा खरंच बारीक. थुंकीसुद्धा चमकत होती.

सकाळी राहीबाईंना विचारलं, बोट खरवडू का. पण बोटाबरोबर नाकाचा शेंडा जाईल.

त्यांनी फोटो उजेडाला धरला. पदराचं टोक घेऊन बोटावरची चमक पुसून पाहिली. ती निघाली नाही.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "नाक हाय ना."

कृष्णात मोटारीत बसला. तात्यांनी आपल्या सात फोटोंची चौकशी केली. मी म्हणालो, पळाले.

"बघ," ते म्हणाले, आणि माझ्या चपलेशेजारी थुंकले. "म्हंजी चाल हुती त्यात."